मोठ्या शिरेची वाट

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर रात्रभर ताटकळलेल्या नातेवाइकांपुढे एखादा तरुण डॉक्टर संमतिपत्र धरतो, ‘हातापायाच्या शिरा मिळत नाहीत, मानेत सेंट्रल लाइन टाकावी लागेल’ एवढेच सांगतो आणि सहीची जागा बोटाने दाखवतो. तेव्हा थरथरत्या हाताने सही करणाऱ्या त्या गृहस्थाला याची कल्पनाही नसते, की आत जी कृती आता पंधरा-वीस मिनिटांत उरकणार आहे, ती आजच्याइतकी निर्धोक होण्यास सुमारे पाऊण शतक लागले, आणि त्या पाऊण शतकाच्या जमाखर्चात धाडसाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मोलाची नोंद आहे ती मनुष्याचा हात चुकतो या कबुलीची.

ही नळी मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून आत शिरते. मानेतून वा हाडाखालून घातलेल्या नळीचे टोक हृदयाच्या उंबरठ्याशी, ऊर्ध्व महाशिरेच्या मुखापाशी, जाऊन थांबते. हाताच्या बारीक शिरेला जी जहाल औषधे सोसत नाहीत आणि जी तेथे दिली असता शीर व भोवतीचे मांस जाळून टाकतात, ती येथे रक्ताच्या मोठ्या ओघात तत्क्षणी मिसळून सौम्य होतात. लाभ एवढा उघड असूनही अडचण आहे ती शेजाराची. मानेतल्या मोठ्या शिरेला लागूनच मेंदूला रक्त नेणारी रोहिणी धडधडत असते. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेच्या पलीकडे फुप्फुसाचे शिखर दर श्वासागणिक वर येते. आणि जांघेतली शीर अशा ठिकाणी वसलेली आहे, की तेथे स्वच्छतेचा बंदोबस्त ठेवणे कोणत्याही रुग्णालयाला जिकिरीचे जावे. या शेजाराला धक्का न लावता शिरेत कसे शिरावे, हाच या साऱ्या इतिहासाचा प्रश्न आहे.

शीर टोचण्यातील धोक्याची जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे शिरांची गणना करून त्यांपैकी अठ्ठ्याण्णव शिरा अवेध्य, म्हणजे कधीही टोचू नयेत अशा, ठरवल्या आहेत, आणि वेध चुकण्याचे वीस प्रकारही नावानिशी सांगितले आहेत. तो सारा विचार रक्तमोक्षणासाठी, म्हणजे शिरेतून रक्त बाहेर काढण्यासाठी, होता. शिरेच्या वाटेने हृदयापर्यंत जाण्याची कल्पना त्यात नाही, आणि ती ओढूनताणून त्यात पाहणे हा सुश्रुताचा सन्मान नव्हे. परंतु काय करावे हे सांगण्याआधी काय करू नये याची यादी देणारी ती शिस्त मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण अडीच-तीन पिढ्यांच्या अनुभवानंतर आधुनिक वैद्यकही अखेर एका यादीपाशीच येऊन थांबले.

युरोपात या वाटेचा पहिला पाया घातला तो घोड्यांनी. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत पितळी नळी बसवून तिला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फूट ३ इंच उंच चढले. शिरेतल्या रक्ताची चढण त्या मानाने अगदीच अल्प भरली. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने रोहिणी आणि शीर यांतील दाबाचे अंतर डोळ्यांनी दिसेल असे मांडले. पुढे १८४४ मध्ये क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने घोड्याच्या मानेतील वाहिन्यांतून थेट हृदयापर्यंत उपकरण नेऊन तेथील रक्ताचे उष्णतामान मोजले. तरी मनुष्याच्या हृदयाचे दार मात्र आणखी पंच्याऐंशी वर्षे बंदच राहिले; कारण जिवंत माणसाच्या हृदयाला परकी वस्तू शिवताच ते बंद पडेल, ही समजूत वैद्यांच्या मनात एखाद्या फर्मानासारखी पक्की बसली होती.

ते दार उघडले बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्डे नावाच्या लहान गावातील रुग्णालयात, १९२९ च्या उन्हाळ्यात. वेर्नर फोर्समान हा तेथील शिकाऊ डॉक्टर तेव्हा पुरता पंचविशीचाही नव्हता. हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाला त्या काळी छातीच्या भिंतीतून सुई खुपसून थेट हृदयात औषध देत, आणि त्या आंधळ्या सुईने हृदयाच्या वाहिन्या वा फुप्फुस फाटण्याचे भय असे. कोपरासमोरील शिरेतून एक मऊ नळी हलकेच सरकवत नेली, तर ती रक्ताच्या ओघाबरोबर आपसूक हृदयात पोचेल आणि औषध निर्धोकपणे देता येईल, असा फोर्समानचा तर्क होता. ज्या प्रयोगाला जगाने पुढे बेदरकार धाडस म्हटले, त्याचा उगम असा सुरक्षिततेच्या विचारात होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक हत्यारांची कपाटे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. फोर्समानने तिचे मन वळवले, आणि ती इतकी राजी झाली, की प्रयोग आपल्यावरच व्हावा असा तिने आग्रह धरला. त्याने तिला टेबलावर निजवून हातपाय बांधले, तिच्या दंडाला औषध लावल्याचे नाटक केले, आणि तिचे लक्ष नसताना आपल्याच डाव्या कोपराची शीर उघडून तीत मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी बारीक नळी सरकवली. नळी बरीच आत गेल्यावर त्याने तिची बंधने सोडली. फसवले गेल्याचा तिचा संताप ओसरण्यापूर्वीच दोघे जिने उतरून तळघरातल्या क्ष-किरण खोलीत गेले. तेथे तिने धरलेल्या आरशात पडद्यावरची सावली पाहत पाहत त्याने नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत आत नेली आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात तिचे टोक असल्याचा पुरावा म्हणून क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा वृत्तांत एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला, आणि त्यात पोटात पू पसरून मरणोन्मुख झालेल्या एका रुग्णाला याच मार्गाने औषधे दिल्याची हकीकतही होती.

कीर्तीऐवजी त्याच्या वाट्याला उपहास आला. बर्लिनच्या प्रख्यात रुग्णालयातली जागा त्याला सोडावी लागली, हृदयाचे काम सुटले आणि तो मूत्ररोगांचा शल्यवैद्य झाला. १९३२ पासून तो नाझी पक्षाचा सभासद होता, हा त्याच्या चरित्रातला डागही इतिहासकाराने झाकू नये. दरम्यान न्यूयॉर्कच्या बेलेव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्याची वाट उचलली, ती पद्धतशीर केली, आणि १९४१ पासून हृदयातील दाब व रक्तप्रवाह मोजण्याचे शास्त्र उभे केले. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून दिले गेले, तेव्हा फोर्समान एका लहान जर्मन शहरात मूत्रपिंडांच्या शस्त्रक्रिया करीत होता.

कोपरापासून हृदयापर्यंतची वाट लांब, आणि तीही शीर उघडून, म्हणजे त्वचा चिरून, धरावी लागे. रक्तस्राव होऊन थंड पडलेल्या जखमी माणसाच्या हाताच्या शिरा तर पार मिटून जातात. गळपट्टीच्या हाडाखालची शीर मात्र हाड, पहिली बरगडी आणि त्यांच्या आवरणतंतूंनी चहूकडून ताणून धरलेली असल्यामुळे रक्त आटले तरी मिटत नाही. रोबेर ओबान्याक या फ्रेंच शल्यवैद्याने हे हेरून हाडाखालून सुई घालून ही शीर गाठण्याची रीत १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत त्वचा न चिरता जाता येते हे सिद्ध झाले. पण या सोयीची किंमत होती. सुई अर्धा बोट खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरे. आणि चुकून रोहिणी टोचली गेली, तर ती हाडाआड असल्यामुळे बाहेरून दाबून रक्त थांबवण्याची सोय नसे.

दुसरी अडचण होती ती सुईच्या जाडीची. नळी सुईच्या पोटातून आत सोडायची म्हटल्यावर सुई नळीहून जाड हवी. म्हणजे शिरेला पडणारे भोक नळीपेक्षा मोठे, आणि नळीच्या भोवतीने रक्त झिरपत राहणार. हा पेच स्टॉकहोममधल्या स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण क्ष-किरणतज्ज्ञाने सोडवला, तो इतक्या साध्या युक्तीने, की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच नवल वाटावे. बारीक सुई आत घालावी. तिच्यातून लवचीक तार सोडावी. सुई काढून घ्यावी, तार तशीच राहू द्यावी. तारेवरून नळी ओवून आत सरकवावी. आणि शेवटी तार बाहेर ओढावी. बाईने नाडी ओवावी तितकी सरळ ही गोष्ट. १९५३ मध्ये रोहिणीच्या चित्रणासाठी म्हणून प्रसिद्ध झालेली ही रीत पुढे शिरा, पित्तनलिका, मूत्रपिंड, फुप्फुसावरण अशा शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पोकळीत शिरण्याची राजवाट बनली. तरीही एवढ्याशा युक्तीवर प्रबंध होऊ शकत नाही, असे वरिष्ठांनी ठरवल्यामुळे सेल्डिंगरला पदवीसाठी दुसरा विषय घ्यावा लागला. पुढे तो आपल्या मोरा या जन्मगावी परतून तेथील रुग्णालयात क्ष-किरण विभाग सांभाळीत राहिला. आज जगातल्या कोणत्याही अतिदक्षता विभागात सेंट्रल लाइनचा संच उघडला, की वेटोळे करून ठेवलेली ती तार प्रथम नजरेस पडते. आणि तिचे दुसरे टोक हातातून कधीही सोडू नये, ही शिकाऊ डॉक्टराला दिली जाणारी पहिली ताकीद असते, कारण तार शरीरातच राहून गेल्याचे दाखले वैद्यकाच्या दप्तरी पुष्कळ आहेत.

तार मिळाली आणि नळीचा प्रसार वेगाने झाला. १९६२ मध्ये महाशिरेतला दाब मोजून रुग्णाला रक्त व द्रव किती द्यावा हे ठरवण्याची पद्धत पुढे आली. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आतडी निकामी असलेल्या रुग्णाला संपूर्ण अन्न शिरेवाटे देऊन जगवता येते, हे दाखवून दिले. १९६९ मध्ये इंग्लंडातल्या भूलतज्ज्ञांनी मानेतील आंतरिक शिरेत त्वचेवाटे नळी घालण्याचा मोठा अनुभव प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ‘मान बरी, की हाड बरे, की जांघ बरी’ हा वाद सुरू झाला. मानेत रोहिणी टोचली गेली तरी बोटाने दाबता येते आणि फुप्फुस थोडे दूर राहते. म्हणून भूलतज्ज्ञांचा कौल मानेकडे झुकला. शल्यवैद्य आपल्या सवयीच्या हाडाखालच्या वाटेला चिकटून राहिले. जांघ ही घाईची वाट ठरली.

या साऱ्या वाटा चालायच्या त्या खुणांवरून. मानेतल्या स्नायूच्या दोन पायांमधला त्रिकोण शोधायचा, डाव्या हाताच्या बोटांनी रोहिणीची धडधड चाचपायची, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला सुई टेकवायची; खाटेचा पायथा उंचावून ठेवायचा, म्हणजे मानेच्या शिरा फुगतात आणि श्वासाबरोबर हवा आत ओढली जाण्याचे भय कमी होते. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या एका हाताने दुसऱ्या हाताला दिली, आणि ती मोलाची होती यात शंका नाही. परंतु माणसागणिक शिरेची जागा थोडी बदलते. कोणाची शीर रोहिणीच्या पुढ्यात येते, कोणाची अगदी बारीक असते, कोणाची जुन्या गाठीने बुजलेली असते, आणि त्वचेवरची खूण यातले काहीच सांगत नाही. रक्त काळसर आहे की लालभडक, ते उसळते की वाहते, यावरून शीर की रोहिणी हे ओळखावे असा दंडक होता. पण ज्याचा रक्तदाब खचला आहे आणि रक्तात प्राणवायू उरलेला नाही, नेमका असाच रुग्ण या खाटेवर असतो, आणि त्याचे रोहिणीतले रक्तही काळसरच दिसते व संथच वाहते. सुईचे छिद्र बुजून जाते. परंतु त्या चुकीवर विश्वास ठेवून जाड नळी रोहिणीत घातली गेली, तर प्रसंगी पक्षाघात वा मृत्यू ओढवतो.

यावर जो एक उपाय पुढे आला, तो पाहून हेल्सच्या घोडीची आठवण व्हावी. सुईला एक निर्जंतुक पारदर्शक नळी जोडायची आणि ती उभी धरायची. रक्त थोडे चढून श्वासाबरोबर खालीवर होत राहिले तर शीर. वर वर चढतच गेले तर रोहिणी. अडीचशे वर्षांपूर्वीची काचेची नळी अशी प्लॅस्टिकच्या रूपाने परत आली, आणि ज्या विभागांनी मार्ग रुंद करण्याआधी हा दाब पाहण्याचा नेम कसोशीने पाळला, तेथे रोहिणीत जाड नळी जाण्याचे प्रकार जवळजवळ नाहीसे झाले. खर्च काही रुपयांचा, वेळ अर्ध्या मिनिटाचा. तरीही हा नेम सर्वत्र रूढ झाला नाही, कारण ज्याला आपल्या हाताचा भरवसा असतो, त्याला अर्धे मिनिटही अपमानासारखे वाटते.

मग आले ध्वनीचे शास्त्र. १९७८ मध्ये डॉप्लर यंत्राच्या आवाजावरून मानेची शीर हुडकण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला; त्यात चित्र नव्हते, केवळ नाद होता, रोहिणीचा ठेक्याचा आणि शिरेचा अखंड घोंघाव्याचा. १९८६ मध्ये जपानी भूलतज्ज्ञांनी प्रत्यक्ष चित्र पाहत पाहत सुई घालण्याची रीत कळवली. पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसतात. वरून हलका दाब दिला, की शीर मिटते आणि रोहिणी गोल राहून धडधडते. हातापेक्षा डोळा किती सरस ठरतो, याचे माप १९९३ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी घेतले. खुणांच्या पद्धतीने १०० पैकी ८८ रुग्णांत शीर सापडली, ध्वनिचित्राच्या साह्याने सर्वांत. पहिल्याच प्रयत्नात यश ३८ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले. आणि रोहिणी टोचली जाण्याचे प्रमाण ८.३ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर आले. २००२ मध्ये इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने ध्वनिचित्राची शिफारस केली, तेव्हा तेथील कित्येक अनुभवी भूलतज्ज्ञ नाराज झाले. यंत्रावर विसंबले तर खुणांची विद्या लयास जाईल आणि यंत्र नसलेल्या रात्री नवी पिढी पांगळी ठरेल, ही त्यांची कैफियत अगदीच निराधार नव्हती. पण २००६ मध्ये ९०० रुग्णांच्या तुलनेतही रोहिणीची इजा १०.६ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर उतरली, तेव्हा वादाचा निकाल लागला. यंत्रालाही आपली खोड आहेच: आडव्या छेदात सुईचा मधला भाग टोकासारखा दिसतो, आणि टोक शिरेच्या पलीकडची भिंत फोडून गेलेले असते. टोक डोळ्यांआड होऊ न देणे, एवढेच त्यावर औषध.

आपल्याकडे या यंत्राच्या वाटेत एक निराळाच इतिहास उभा राहिला. गर्भातल्या मुलींचा जीव घेण्यासाठी सोनोग्राफीचा दुरुपयोग होऊ लागला, तेव्हा त्याला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. प्रत्येक यंत्राची नोंदणी, वापरणाऱ्याची नोंदणी, आणि २०१२ च्या नियमांनुसार फिरते यंत्र नोंदलेल्या आवाराबाहेर नेण्यास मनाई, असा कडक अंमल बसला. गर्भलिंगनिदान येथे होत नाही असे सांगणारा फलक त्यामुळेच प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या दारावर आढळतो. कायद्याचा हेतू शंभर टक्के रास्त होता. पण मानेची शीर पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाचे यंत्रही त्याच दप्तरात, त्याच शिक्क्यांसह नोंदवावे लागते, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाऊन काम करणाऱ्याला ते बरोबर नेण्याची मुभा नाही. समाजाच्या एका पातकाचे प्रायश्चित्त अतिदक्षतेतल्या खाटेलाही असे थोडेफार भोगावे लागते.

मान, हाड आणि जांघ यांच्या जुन्या वादाचा हिशेब फ्रान्समधल्या दहा अतिदक्षता विभागांनी ३,०२७ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे जागा ठरवून केला आणि २०१५ मध्ये मांडला. दर हजार नळी-दिवसांमागे रक्तातला जंतुसंसर्ग वा शिरेतली त्रासदायक गाठ हाडाखाली १.५, मानेत ३.६ आणि जांघेत ४.६ एवढी आढळली. उलट, छातीत हवा भरून वेगळी नळी घालावी लागण्याचे प्रमाण हाडाखाली १.५ टक्के, मानेत ०.५ टक्के. म्हणजे हाडाखालची वाट पहिल्या तासाला धोक्याची आणि पुढच्या आठवड्याला सुरक्षित; जांघेची नेमकी उलटी. सर्वांत चांगली जागा कोणती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. नळी किती दिवस राहणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

सुई चुकण्याचे धोके क्षणात दिसतात. जंतूंचे धोके चार दिवसांनी, आणि तेव्हा दोष कोणाचा हे कोणी विचारीत नाही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये या धोक्यासाठी कोणतेही नवे यंत्र न आणता पाच कलमांची एक यादी आणली. हात धुवावेत; टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा, हातमोजे आणि रुग्णाला पूर्ण झाकणारी चादर वापरावी; क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसावी; शक्यतो जांघ टाळावी; गरज सरताच नळी काढावी. यातले एकही कलम नवे नव्हते. नवे होते ते पुढचे फर्मान: एखादे कलम गाळले गेल्याचे दिसताच परिचारिकेने डॉक्टरला थांबवावे, आणि तिने थांबवले की त्याने थांबावे. मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांत ही पद्धत चालू झाल्यावर दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाची सरासरी ७.७ होती, ती दीड वर्षात १.४ वर आली. शंभराहून अधिक विभागांत हा फरक घडवला तो एका कागदाने, आणि तो कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या परिचारिकेने.

एबर्सवाल्डेच्या त्या खोलीत, १९२९ मध्ये, परिचारिकेला टेबलाशी बांधून डॉक्टरने आपला हट्ट पुरा केला होता. आणि मिशिगनमध्ये तिच्या एका शब्दाने डॉक्टरचा हात थांबू लागला. तार, दाबाची नळी, ध्वनिचित्र या सर्वांनी हाताची चूक उघडी पाडली. यादीने ती चूक बोलून दाखवण्याचा अधिकार कनिष्ठाला दिला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा हीच होय.

त्या यादीतले शेवटचे कलम मात्र डॉक्टर आणि परिचारिका या दोघांच्याही गडबडीत सर्वांत सहज विसरले जाते. दाराबाहेर सही करणाऱ्या वाचकाने तेवढे लक्षात ठेवावे, आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आत जाणाऱ्या डॉक्टरला विनयाने, पण न चुकता, विचारावे: ही नळी आज हवीच आहे का?